ज्ञानकोशी पुतण्या

ज्ञानकोशी पुतण्या म्हणजे आपल्या शास्त्रज्ञ काकांचे चरित्र विकिपीडियावर लिहिणारा, ते रोज वाढवणारा आणि मग त्याच्या राखणीला बसणारा गृहस्थ. नात्याने तो भाचा, जावई, विद्यार्थी किंवा खुद्द काकाही असू शकतो. महाराष्ट्रात पुतण्याची ख्याती काकांविरुद्ध बंड करण्याबद्दल आहे. हा त्याला अपवाद. पेशवाईत ‘काका, मला वाचवा’ म्हणायची पाळी पुतण्यावर आली होती. इथे काकांनाच पुतण्यापासून वाचवावे लागते.

हा मनुष्य सर्वत्र आढळतो, पण धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत त्याला विशेष चेव असतो. वाशी म्हटले की ऐकणाऱ्याला नवी मुंबई आणि खाडीपूल दिसतो. ‘ती नव्हे, धाराशिवची’ असे जन्मभर सांगत आलेल्या माणसाला ‘निःसंदिग्धीकरण’ हा विकिपीडियाचा जडजंबाल शब्द समजावून द्यावा लागत नाही. तालुक्याच्या नावावर तेरखेड्याचे फटाके आहेत, खवा आहे. त्यात एका शास्त्रज्ञाची भर पडावी, एवढीच त्याची इच्छा. काका बहुधा परभणीच्या कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले असतात आणि निरोप समारंभाची शाल अजून घडीत असते.

छापील कोशांच्या काळात या वृत्तीला वाव नव्हता. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२०च्या दशकात निघाला, मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये. त्यांत काकांना बसवायचे तर आधी संपादक मंडळाच्या गळी उतरवावे लागे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि ‘संपादन’ची कळ थेट पुतण्याच्या अंगठ्याखाली आली.

त्याची कार्यपद्धती ठरलेली असते. पहिल्या दिवशी लेखात नुसते ‘शास्त्रज्ञ’ असते. रात्री जेवणे उरकल्यावर त्याचे ‘ज्येष्ठ शास्त्रज्ञ’ होते. काका एकदा परदेशी परिषदेला जाऊन आल्याचे आठवले, की ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे’ हे पुढे चिकटते, आणि आठवडा भरायच्या आत काका ‘ऋषितुल्य’ होतात. ‘बालपण’ या मथळ्याखाली कंदिलाच्या उजेडातला अभ्यास आणि येरमाळ्याच्या यात्रेत चुकामूक होणे हे प्रसंग येतात. ‘पुरस्कार’ या मथळ्याखाली शाल-श्रीफळांची तारीखवार जंत्री येते. छायाचित्र काकांच्या लग्नातले, १९७४ सालचे, काकूंना कापून चढवलेले असते; त्याच्या ‘स्रोत’ या रकान्यात ‘स्वतःचे काम’ असे लिहिलेले असते. पुतण्याचा जन्म १९८३चा. संदर्भ म्हणून काकांच्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ दिलेला असतो. त्याचे संपादक कोण, हे सांगायला नकोच.

मग कोणी अनोळखी सदस्य येतो, ‘ऋषितुल्य’ उडवतो आणि ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लावतो. पुतण्याला ती काकांच्या कपाळावर लावल्यासारखी वाटते. तो बदल उलटवतो, समोरचा पुन्हा काढतो. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा असे केले तर बंदी येऊ शकते. शेवटी पुतण्या चर्चा पानावर ठेवणीतला सवाल टाकतो: ‘आमच्या काकांची माहिती आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त का?’ अडचण नेमकी तीच असते. घरच्या माहितीचा बाहेरच्याला पडताळा घेता येत नाही. शिवाय आपल्याच माणसावर आपणच लिहिणे, याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. नियमाची हरकत जिव्हाळ्याला नसते. नाते उघड सांगावे, दुरुस्ती चर्चा पानावर सुचवावी आणि लेखाला हात इतरांनी लावावा, एवढेच मागणे असते. पैसे घेऊन लिहिणाऱ्यांवर हे उघड करण्याचे बंधन २०१४ पासून आहे. पुतण्या फुकट लिहितो आणि त्यामुळे स्वतःला निःस्वार्थी समजतो.

हा मोह थोरांनाही सुटलेला नाही. विकिपीडियाचे जिमी वेल्स यांनीच २००५ मध्ये स्वतःच्या चरित्रातला सहसंस्थापक लॅरी सँगर यांचा उल्लेख पुसत नेला आणि बोभाटा झाल्यावर हे शोभले नाही, अशी कबुली दिली. कधी अख्खा समाजच पुतण्या होतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा भक्कम समकालीन पुराव्याशिवाय अजून हवेत आहे. तिच्या पुष्ट्यर्थ पुढे केल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. तरी २०१५ मध्ये तळपद्यांवर ‘हवाईजादा’ हा चित्रपट निघालाच.

पुतण्याच्या लेखातली खरी उणीव वेगळीच असते: काकांनी संशोधन कशावर केले, हे त्यात कुठेच नसते. ते त्याने कधी विचारलेलेच नसते. समजा, काकांची हयात रब्बी ज्वारीवरच्या खडखड्या रोगावर गेली. या रोगात ताट आतून पोकळ होते आणि पीक लोळते. विशेषणांच्या लेखाचेही तेच होते. बाहेरून उंच दिसतो आणि एका ‘संदर्भ हवा’ने आडवा होतो.

काटछाट होऊन शेवटी पाच-सहा ओळी उरतात. ‘ऋषितुल्य’ उडवणारा तोच अनोळखी सदस्य एखाद्या नियतकालिकातला काकांचा जुना शोधनिबंध हुडकून खडखड्याची एक ओळ संदर्भासह जोडतो. पुतण्या लेख छापून काकांपुढे ठेवतो, ‘फार कापलं हो’ म्हणून हळहळतो. काका चष्मा पुसतात आणि ती एक ओळ दोनदा वाचतात.