कानातलं

“खामगावला चाललोय, कानातलं घ्यायला,” असं मी सकाळी सहज बोलून गेलो आणि सौभाग्यवतींनी न मागता दुसरा कप चहा पुढे केला. चूक माझीच. खामगाव म्हणजे चांदीचं गाव. बुलढाण्याहून तिथे जाऊन कानातलं आणतो म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे जे यायचं तेच आलं. संध्याकाळी पिशवीतून निघाली ती काळी वायर आणि तिच्या टोकांना दोन रबरी टोप्या. किंमत साडेचारशे. तिने तो इअरफोन चिमटीत धरून उजेडाकडे नेला, उलटासुलटा केला आणि एकच विचारलं, “याला मोड किती येईल?”

मोड शून्य, हे मलाही माहीत होतं. चांदी मोडायला नेली तर निदान वजनाचे पैसे हातात पडतात. बिघडलेला इअरफोन मात्र भंगारवालाही तराजूत घालत नाही. आणि हे असलं काही घेण्यासाठी मी दुकानात सव्वा तास उभा होतो, पाच नग वाजवून बघत.

वाजवून घ्यायची आपल्याला सवयच आहे. माठ बोटाच्या पेराने वाजवायचा, टरबूज टिचकीने, नारळ कानाशी हलवून बघायचा. आमचे आजोबा बंदा रुपया फरशीवर टाकून ऐकत. तोळाभर वजनाच्या त्या रुपयात शंभरातले जवळजवळ ९२ भाग चांदी असे. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचाच निघाला. “रुपयाचा गळा बसला,” असं आजोबा म्हणत. पण रुपया काय, माठ काय, वाजला की स्वतःबद्दलच सांगतो. इअरफोन दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात बोलतो, आणि कस लागतो तो आपल्या कानांचा.

माझे कान ट्रान्झिस्टरवर वाढलेले. चामड्याच्या कव्हरला एक छोटा कप्पा असे आणि त्यात एकाच कानाचा, दुधाळ रंगाचा इअरफोन. शाळेच्या स्टाफरूममध्ये कसोटी सामन्याच्या दिवशी तो ज्याच्या कानात असेल त्याच्या तोंडाकडे बाकीचे सगळे बघत बसायचे. भुवया खाली आल्या की आपली विकेट गेली. आवाज बिस्किटांच्या डब्यातून यावा तसा यायचा, पण त्याच्या दर्जावर कुणी चकार शब्द काढल्याचं आठवत नाही. स्कोअर कळत होता ना!

तर खामगावचं दुकान. काउंटरवरच्या पोराने पाच खोकी मांडली, दीडशेपासून सातशेपर्यंत. पाचही खोक्यांवर एकच मजकूर: दहा मिलिमीटरचा ड्रायव्हर, २० ते २०,००० हर्ट्झ. म्हणजे निदान कागदावर तरी गरीब-श्रीमंत सगळे सारखे. आता साठी उलटलेल्या कानात दहा-बारा हजारांच्या वरचं फारसं शिरत नाही, हे निसर्गाचं गणित. मी म्हणालो, “वरचे आठ हजार मला ऐकूच येत नाहीत. तेवढे पैसे कमी कर.”

“नातवाच्या कामी येतीन ना, सर,” तो म्हणाला. एक रुपया सोडला नाही.

त्याने आधी डीजेचं गाणं लावलं. “बेस आयका, सर, बेस!” त्या गाण्यात पाचही उत्तम वाजले. छातीत धडधड होत असली की बाकी काही ऐकण्याची गरज उरत नाही. मग मी भीमसेनजींचा अभंग लावायला सांगितला आणि एकेकाचं पितळ उघडं पडू लागलं. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवून जवारी लावतात. त्या दोऱ्याने एकाच तारेतून सुरांची अख्खी रांग निघते. दीडशेच्या नगात ती रांग म्हणजे तिन्हीसांजेचे डास. दुसऱ्यात टाळ वाजत होते की कुणी चमच्यांची टोपली उपडी केली होती, कळेना. तिसऱ्याला बेसचा इतका सोस की पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक थेट गायकाच्या गळ्यावर थापलेली. चौथा साडेचारशेचा, बरा. पाचवा सातशेचा, वा!

सातशे मोजायला खिशात हात घातला तेव्हा लक्षात आलं की पाचवा लावताना पोराचा अंगठा मोबाइलच्या कडेवर होता. आवाज थोडा मोठा केला की तेच गाणं भरदार लागतं, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातलं कमी ऐकू येतं. अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. खामगावच्या पोराने ते वाचलं नसणार, पण त्याच्या अंगठ्याला ठाऊक होतं. चौथ्याचाही आवाज तेवढाच करायला लावला, तर फरक हुडकावा लागला. सातशेच्यात टाळ किंचित मोकळे होते. अडीचशे रुपयांइतके मोकळे नव्हते. साडेचारशेचा घेतला.

परतीच्या एसटीत तो कानात घातला आणि पखवाज गायब. बोथ्याच्या जंगलापर्यंत मी त्या पोराला मनातल्या मनात जे बोललो ते इथे छापण्याजोगं नाही. २०१९ साली टिपेश्वरहून मैलोगणती चालत ज्ञानगंगेच्या याच जंगलात एक वाघ आला होता. त्याच्याही गळ्यात यंत्र होतं, पण त्याची त्याबद्दल काही तक्रार ऐकिवात नाही. शेवटी डाव्या कानातलं बोंड बोटाने दाबलं आणि पखवाज परत आला. बोट काढलं, गेला. कुकरचं झाकण नीट बसलं नाही तर शिटी होत नाही, तसंच हे. जाड सूर दाबावर चालतात, फटीतून दाब निसटला की ते गेलेच. पाकिटात रबराची आणखी दोन मापं होती. हलत्या गाडीत खटाटोप करून पाहिला. माझ्या डाव्या कानाला मोठं लागतं, उजव्याला मधलं. साठ वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. आमच्या सासऱ्यांनी स्थळ पाहतानाही तपासली नसावी.

पण मग दुसरी शंका आली. दुकानात पाचही नग मी मधल्या मापावर ऐकले होते. म्हणजे तो सगळा निकाल डाव्या कानाच्या फटीने दिलेला. डास, चमचे, कणीक, सगळंच फेरतपासणीला आलं. दीडशेच्या त्या गरीब नगावर माझ्याकडून अन्याय झाला असेल, अशी चुटपुट अजून आहे.

गुरुवारी सौभाग्यवतींनी तो कानात घालून गजानन विजयचे अध्याय ऐकायला सुरुवात केली. त्यात २१ अध्याय आहेत. “बरा आहे,” एवढंच म्हणाल्या, आणि तो काही माझ्याकडे परत आला नाही. त्यांचे दोन्ही कान मधल्या मापाचे निघाले, हे मात्र मला तीनदा ऐकवलं. पुढच्या महिन्यात खामगावला दोघं गेलो. चांदीचं कानातलं घेतलं, आणि माझ्यासाठी त्याच दुकानातून तोच साडेचारशेचा आणखी एक.

आता घरात लहान मापाच्या रबराच्या दोन जोड्या कोऱ्या पडून आहेत. कुणाच्या कानाला बसत असतील तर बुलढाण्याला या आणि घेऊन जा.