फळीपलीकडचं बारसं

आमच्या टोकियोतल्या निशिकासाईच्या इमारतीत कुंपण नाही. दोन बाल्कन्यांच्या मध्ये एक पातळ फळी आहे आणि ‘संकटकाळी ही फोडून शेजारी जा’ असं तिच्यावर छापलंय. काकू म्हणतात, गप्पा मारायला भूकंप कशाला हवा? फळीच्या कडेला चार बोटं फट आहे, तेवढी पुरते.

“अगं, ऐकलंस का? वरच्यांचं अजून ठरत नाहीये.”

वरचे म्हणजे चौथ्या मजल्यावरचे. ती जपानी, तो कराचीचा, जुन्या गाड्यांच्या धंद्यातला. काकू त्याच्याशी हिंदीत बोलतात, तो काकूंशी उर्दूत, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा आपलीच भाषा बोलतोय. मंगळवारी त्यांना मुलगी झाली.

“घाई कसली एवढी? बाराव्या दिवशी ठेवा की.”

“काकू, इथे चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंद करावी लागते, जन्माचा दिवस धरून. आणि त्यांचं दोघांचंही बारसं सातव्या दिवशी.”

“दोघांचं?”

हो ना! जपान्यांची ओशिचिया सातव्या रात्री. नाव ब्रशनं कागदावर लिहून भिंतीला लावतात. मुसलमानांचा अकीकाही सातव्या दिवशी. बाळाचं जावळ काढून त्याच्या वजनाची चांदी दान करायची, मुलगी असेल तर एक बकरा. बकरा कराचीत कापणार, जावळ इथे. काकूंना हे फार पटलं. “म्हणजे कार्य एकच, जेवणं दोन.”

खरी गोम आडनावात आहे. इथल्या कुटुंबनोंदवहीत, कोसेकीत, परदेशी नवऱ्याचं स्वतःचं पान नसतं. लेकरू आईच्या पानावर, आईच्या आडनावानं लागतं. मधलं नावही नाही, म्हणजे बापाचं नाव घुसवायला जागाच नाही. त्यामुळे कराचीच्या आजीची सगळी भिस्त त्या एका नावावर. पोरगी आमची आहे हे हाक मारताना कळायला नको का?

“मग फातिमा ठेवा म्हणावं. झकास नाव.”

“जपानी आजीच्या तोंडी त्याचं फुआतिमा होतं. आणि लैलाची रेइरा. या लोकांना ल नाही.”

“बिचारे. लसूण, लाडू काय म्हणत असतील?”

मग बापाला सुचलं नूर. प्रकाशाचं जपानी अक्षर काढायचं आणि वाचायचं नूर. पूर्वी असली चैन चालून जायची. अक्षर एक, उच्चार भलताच. पण मे २०२५ पासून कोसेकीत उच्चारही नोंदवतात, आणि अक्षराशी अजिबात न जुळणारा उच्चार दिला तर विचारपूस होते. नावात चालणारी अक्षरंही मोजून दिलेली, २९९९. कानात नुसतं नूर हवं असेल तर साध्या काताकाना या उच्चारांच्या लिपीत लिहा, पण मग जपानी आजी म्हणते, अक्षराशिवाय नाव म्हणजे मिठाशिवाय भात. (हे आपलं काकूंचं भाषांतर. तिनं प्रत्यक्षात काय म्हटलं ते मला ठाऊक आहे, ते इतकं रुचकर नव्हतं.)

तेव्हा दोन्हीकडे आधीपासून असलेलंच नाव शोधायचं ठरलं. अर्थ वेगळा असला तरी चालेल, आवाज एक हवा. अशी नावं निघालीही. हाना घ्या. जपानीत फूल, अरबीत आनंद.

“हाना? अगं, रस्त्यात ओरडायचं, हाना, हाना! लोक धावून येतील मारायला.”

“आया? जपानीत नक्षीदार विणीचं कापड, अरबीत कुराणातली आयत.”

“आणि आपल्याकडे दवाखान्यातली. पुढे.”

“सारा. ती इब्राहिमची बायको. जपान्यांना त्यात सालाचं झाड ऐकू येतं, ज्याच्याखाली बुद्धानं देह ठेवला ते. म्हणजे मुळात आपलाच शालवृक्ष.”

काकू क्षणभर विरघळल्या. मग म्हणाल्या, “पण सारा म्हटलं की मला तलाठी दिसतो.”

काकूंच्या माहेरी चाळीस एकर होती, त्यांना तलाठी दिसणारच. पण आपला सल्ला कुणी मागितलेलाच नाही, हे त्यांना सांगणार कोण? उलट त्यांनीच बापाला बजावलं, “नाना नको हं! मामीही नको!” दोन्ही इथली अगदी सर्रास मुलींची नावं. तो बिचारा आधीच घाबरलेला. त्याच्या आईनंही फोनवर तेच विचारलं होतं, पोरीला नाना म्हटलं तर तिच्या नानाला काय म्हणायचं?

शेवटी सहाव्या दिवशी ठरलं. हिना.

जपानी आजीनं अक्षरं निवडली, एक उन्हाचं, एक कोवळ्या भाजीचं. बोटांवर रेघा मोजल्या, बारा आणि अकरा. आपण नावरास बघतो, ते रेघा मोजतात, भीती तीच. ऐकणाऱ्याला शिवाय तीन मार्चच्या सणातली हिना बाहुलीही आठवते, अक्षर वेगळं असलं तरी. कराचीच्या आजीला मेंदी आठवली. आणि १९९१ चा तो हिना सिनेमा, ज्यात नायिका पाकिस्तानची आणि ती करणारी नटीही पाकिस्तानचीच.

“हिना,” काकूंनी जिभेवर घोळवून पाहिलं. “हीनसारखं वाटतं गं जरा.”

“काकू, अत्तर.”

“हां, हिन्याचं अत्तर. मग चालेल.”

काल सातवी झाली. मी जाऊन आले. भिंतीवर ब्रशनं लिहिलेला कागद, खाली मोबाईलमध्ये कराची. जपानी आजी पाळण्यावर वाकून म्हणाली, “हिनाचान.” फोनमधून म्हातारी खुशीत ओरडली, “देखा, हिनाजान बोली!” दोघींनाही कुणी दुरुस्त केलं नाही.

फळीच्या फटीतून हे सगळं ऐकून काकूंनी विचारलं, “आणि आपण काय म्हणायचं?”

“तुम्हीच ठरवा.”

“हिनाबाई,” काकू म्हणाल्या. “थांब, डिंकाचे लाडू देते, वर नेऊन दे. आणि तिच्या आईला म्हणावं, ल म्हणता नाही आला तरी खाता येतो.”