एका फेजवरचा लेथ

सालवड गावाच्या शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि काही किलोमीटरवर १९६९ साली सुरू झालेले अणुविद्युत केंद्र. कारखान्यांना तीन फेज मिळतात. घराच्या मीटरवर येतो एक फेज, एक न्यूट्रल आणि दर महिन्याला बिल. भानगड सुरू होते ती कारखान्यातला जुना लेथ टेम्पोतून घरी उतरल्यावर. तो स्वस्तात मिळतो, कारण मोटरवरची पाटी विकणाऱ्याने वाचलेली असते, घेणाऱ्याने नाही. पाटी सांगते: तीन फेज, ४१५ व्होल्ट. घरात असतात २३०.

तीन फेज एकमेकांपासून १२० अंशांनी मागेपुढे असतात, म्हणून मोटरमधले चुंबकीय क्षेत्र गोल फिरते आणि रोटर त्याच्यामागे. एका फेजचे क्षेत्र झोपाळ्यासारखे नुसते येते-जाते. मोटर गुणगुणते, तापते, हलत नाही. पुलीला हाताने झटका दिला तर देणाऱ्याला हव्या त्या दिशेने फिरू लागते. तिला स्वतःचे मत नसते.

पहिला उपाय कपॅसिटरचा. तो तिसऱ्या टोकाला जोडला की क्षेत्र कसेबसे फिरते. भारनियमनात गावाला सिंगल फेज उरे, तेव्हा राज्यातल्या अनेक शेतकऱ्यांनी कृषिपंप याच युक्तीने चालवले. ताकद मात्र घटते. जाड कट घेतला की लेथ जागीच थांबतो.

दुसरा उपाय म्हणजे शेजारी आणखी एक मोठी तीन फेज मोटर रिकामी फिरवत ठेवणे. तिच्यातून तिसरा फेज मिळतो. ती स्वतः काही काम करत नाही, आवाज सर्वांत जास्त करते आणि तिच्यावाचून कोणाचे चालत नाही.

तिसरा उपाय व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. एका फेजचे तीन फेज होतात, व्होल्ट मात्र २३०च राहतात. साधारण २ एचपीपर्यंतच्या मोटरींची गुंडाळी स्टारमध्ये, म्हणजे तीन टोके एकत्र बांधून, जोडलेली असते. सहाही टोके बाहेर असली, तर टर्मिनलवरच्या पट्ट्या बदलून डेल्टा, म्हणजे त्रिकोणी जोडणी, करता येते आणि पूर्ण ताकद मिळते. त्याहून मोठ्या मोटरी बहुधा आधीच डेल्टात असतात. त्यांच्या पट्ट्या बदलून उपयोग नाही. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये लेथचा जुना स्टार्टर ठेवू नये. गिझर चालू असताना लेथही चालू करू नये; एमसीबी पडतो आणि आंघोळीला गेलेला माणूस साबणासकट चौकशीला येतो.

विद्युत अधिनियम, २००३च्या कलम १२६नुसार घरगुती जोडणीवर परवानगीबाहेर धंदा केल्यास दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. म्हणून चौथा उपाय उरतो: तीन फेजच्या जोडणीसाठी रीतसर अर्ज. हा सर्वांत सरळ, म्हणून सर्वांत शेवटी सुचतो.