हेर आजी कशी घडवावी: होतकरू लेखकांसाठी सुलभ मार्गदर्शन

वयस्कर, हौशी आणि परमुलखात राहणारी हेर जगभर खपते. मराठीत मात्र या खात्यावर फारशी शिल्लक नाही. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण त्यांच्या झुंजार या नायकाला गुडघेदुखी नव्हती. ही उणीव भरून काढू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील सूचना. क्रम पाळावा, नाहीतर खून फुकट जाईल.

१. परदेश निवडा. लंडन, न्यू जर्सी टाळा. तिथले विमानभाडे मानधनातून सुटत नाही. दिल्ली पुरेशी परदेश आहे. मराठी माणसाने दिल्लीवर स्वारी करावी, राहायला जाऊ नये, असा आपल्याकडे दंडक. त्यामुळे साताऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका मुलाकडे दिल्लीशेजारी नोएडाला राहायला आल्या, एवढ्यावरच निम्मे रहस्य उभे राहते. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या चांदीच्या छताचे प्रकरण मात्र घेऊ नका. ते १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवले, वितळवून नाणी पाडली आणि फौजेचा पगार भागवला. आरोपी ठाऊक, हेतू ठाऊक, मुद्देमाल खर्च. आजींना करण्यासारखे त्यात काही उरलेले नाही.

२. पूर्वसूरी वाचा. दिल्लीचा प्रांत मोकळा नाही. टार्क्विन हॉल या ब्रिटिश लेखकाने २००९ पासून तिथे विश पुरी हा पंजाबी गुप्तहेर बसवून ठेवला आहे. घर गुडगावात, कचेरी खान मार्केटात, जीव पकोड्यांत; हाताखालच्या माणसांची टोपणनावे ट्यूबलाइट, फ्लश, फेसक्रीम, हँडब्रेक. आईने या धंद्यात नाक खुपसू नये, असे त्याचे ठाम मत. मम्मीजी ते शांतपणे ऐकून घेतात आणि तपासाला निघतात. यातून घ्यायचा धडा असा, की 'आई, तू यात पडू नकोस' म्हणणारा मुलगा कथेत हवाच. घरच्यांची परवानगी मिळालेल्या आजीत कोणाला रस नसतो.

३. परवान्याची चिंता सोडा. सोसायटीच्या गेटवर रखवालदार पुरवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. खासगी गुप्तहेरांसाठीचे विधेयक २००७ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, त्याचा कायदा काही झाला नाही. म्हणजे गेटवर डुलकी काढणाऱ्यामागे परवाना हवा. जागे राहून चौकशा करणाऱ्या आजींना नको.

४. वेषांतरावर खर्च करू नका. पांढरे केस, हातात कापडी पिशवी आणि पायात स्पोर्ट्स शूज, एवढे झाले की माणूस अदृश्य होतो. आजी लिफ्टमध्ये उभ्या असताना लोक फोनवर घटस्फोट, कर्ज आणि रोखीचे व्यवहार मोकळेपणी बोलतात. तेराव्या मजल्यावरून तळाला येईपर्यंत एक प्रकरण सहज होते.

५. खबरे नेमा. कोण किती वाजता आत आले, ते गेटवरच्या ॲपला कळते; का आले, ते कपड्यांना इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याला. कोणाच्या शर्टाचे बटण तुटले, कोणाच्या चादरी अचानक दुप्पट झाल्या, हे त्याच्या टेबलावर रोज उलगडते. दुसरी फळी कामवालीची, कारण ती एकाच टॉवरमधल्या चार घरांची भांडी घासते आणि चारही बाजू जाणते. तिसरी फळी बुधवारच्या आठवडी बाजाराची. मराठी कुमक हवी असल्यास पहाडगंजचे बृहन्महाराष्ट्र भवन आहेच. पण तिथे आजींचीच उलटतपासणी होईल, साताऱ्यात नेमक्या कुठल्या पेठेतल्या, इथपासून.

६. हिंदी सुधारू नका. तेच आजींचे मुख्य हत्यार.

'भैया, वो ९०४ का आदमी कल रात को आयी क्या?'

'आयी नहीं माताजी, आया था. पौने दो बजे. साथ में एक बैग भी था.'

व्याकरण दुरुस्त करण्याच्या भरात माणूस जबानी देऊन बसतो. पोलिसांच्या हिंदीत चुका नसतात, म्हणून त्यांना वेळ लागतो.

७. गुन्हा स्थानिक वापरा. पिस्तूल नको, रक्त नको. दिवाळीतला सुक्या मेव्याचा डबा घ्या. दिल्ली परिसरात हा डबा कोणी उघडत नाही, पुढच्याला देतो. त्यात विष घातले, तर ते अकौंटंटकडून बिल्डरकडे, तिथून डॉक्टरकडे, तिथून मुलांच्या शिकवणीच्या मास्तरांकडे, असे घरोघर जाते आणि डबा उघडणारा पहिला भुकेला माणूस बळी पडतो. नऊ घरे संशयित, नवांच्याही बोटांचे ठसे, आणि मेलेल्याशी कोणाचेच वैर नाही. असे कथानक अगाथा ख्रिस्तीबाईंनाही सुचले नसते, कारण इंग्लंडात भेटवस्तू उघडतात. 'मी गावातच नव्हतो' हे सांगायला जानेवारीतले धुके ठेवा. गाडी सात तास उशिरा आली, या विधानावर उत्तर भारतात कोणी शंका घेत नाही.

८. हद्दीचा फायदा घ्या. दिल्ली आणि हरियाना, उत्तर प्रदेश, राजस्थानचे काही जिल्हे मिळून एनसीआर, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्र होते. प्रत्येक राज्याचे पोलीस वेगळे. 'हे आमच्यात येत नाही' असे फौजदाराने म्हणताच आजींनी पर्समधून चष्मा काढून सांगावे, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. मुख्याध्यापिकेचा आवाज इथे लावावा. फौजदार उभा राहील.

९. खुनाची घाई करू नका. नवशिके लेखक नेमके इथे फसतात. ख्रिस्तीबाईंच्या हेर आजी मिस मार्पल १९३० मध्ये पहिल्यांदा कादंबरीत आल्या, तेव्हा त्यांना गाव तयार मिळाले होते. सेंट मेरी मीडमध्ये कोणाचा पडदा सरकला, हेसुद्धा सगळ्यांना कळते. नोएडात शेजारच्या दाराचा फक्त नंबर माहीत असतो. ९०५ मधले वारले, हे ९०६ ला महिन्याने, देखभालीचे बिल थकल्यावर कळते. अशा ठिकाणी आल्या आल्या खून केला, तर तो कोणाच्या लक्षातच येणार नाही. म्हणून मालेतल्या पहिल्या दोन पुस्तकांत आजींनी फक्त ओळखी कराव्यात: बाकावर बसावे, कीर्तनाला जावे, साखर मागावी, वाटी परत करताना त्यात काहीतरी घालून द्यावे. कोण घरात नाही, याची कोणाला तरी चुटपुट लागेल इतके गाव झाले, की तिसऱ्या पुस्तकात खून करायला हरकत नाही.

प्रकाशक दोन बिनखुनी पुस्तकांना तयार होणार नाही. तेव्हा ती न लिहिता प्रत्यक्षात करा: आपल्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींचे नाव आजच विचारून घ्या. दिल्ली पोलिसांची ज्येष्ठ नागरिकांसाठीची हेल्पलाइन १२९१ आहे. यमुनेपलीकडे नोएडात ११२ लावावा.