विकतचा धूर

आई सिएटलला आमच्याकडे आली, त्यानंतरच्या दुसऱ्याच शनिवारी तिने मला मागच्या अंगणात शेगडीपुढे उकिडवा बसलेला पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हातात वारा घालायला पुठ्ठा होता आणि धूर शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत पोचला होता.

"लाकडं ओली आहेत का रे?"

"हो. मुद्दाम भिजवलीत."

आजऱ्याच्या घरात ओल्या लाकडांशी झगडण्यात जिची उमेदीची वर्षं गेली, तिला हे उत्तर कसं लागलं असेल, ते मला बोलून झाल्यावर कळलं. तिने ढलप्यांची पिशवी उचलली आणि उलटसुलट करून पाहिली. किमतीवर तिची नजर थांबली. "विकत आणतोस?" एवढंच म्हणाली. फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल झालेल्या बाईचा मुलगा सात समुद्रांपलीकडे जाऊन डॉलर मोजून धूर आणतो, यावर आणखी बोलण्यासारखं काही नव्हतंही.

शेगडीत जाळीच्या ट्रेवर दीड किलो माल्ट पसरलं होतं. त्याच्यावर पाण्याचा हबका मारला होता, कारण ओलसर दाण्याला धूर चांगला धरतो. आच अगदी मंद. दाणा जास्त तापला तर त्यातली स्टार्चची साखर करणारी एन्झाइम मरतात. लाकूड आल्डरचं. इकडचे लोक सामन मासा याच्याच धुरावर धरतात.

"माल्ट म्हणजे?" आईने विचारलं.

"सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि भाजायचे."

"म्हणजे नाचणीचं सत्त्व." ती एकदम खुलली. रात्रभर भिजवलेली नाचणी, पंचात बांधलेली मोडाची पुरचुंडी, सावलीतलं वाळवण, मंद भाजणं, वस्त्रगाळ पीठ, सगळं तिने मलाच समजावून सांगितलं. मोड आणले की पेज पातळ राहते आणि तान्ह्याला पचते, हेही. माझ्या माल्टच्या पुस्तकात एवढ्याच गोष्टीला अख्खं प्रकरण लागलं होतं. "मग याचं पुढे काय करतोस?"

"गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढायचं आणि ते आंबवायचं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "म्हणजे हातभट्टी."

मी कायद्याच्या आडोशाला गेलो. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली, त्यामुळे घरच्या वापरापुरती बिअर करायला इथल्या केंद्रीय कायद्याची मुभा आहे. घरात दोन सज्ञान माणसं असली तर वर्षाला २०० गॅलन. हे सातशे सत्तावन्न लिटर होतात, हा हिशेब मात्र मी मनातच ठेवला.

खरं तर माझ्यासारख्यांना हसण्याचा हक्क जुन्या माल्टवाल्यांनाही आहे. एकेकाळी लाकडावर वाळवलेलं माल्ट बहुतेक ठिकाणी धुरकटच असायचं आणि लोक त्याला कंटाळले होते. सतराव्या शतकात इंग्लंडात डर्बीच्या लोकांनी दगडी कोळशाचा कोक करून माल्ट वाळवलं, तेव्हा कुठे फिक्या, बिनधुराच्या बिअरची वाट मोकळी झाली. १८१७ साली डॅनियल व्हीलरने माल्ट भाजायच्या बंद पिंपाचं पेटंट घेतलं आणि पोर्टर या बिअरचा काळा रंगही मूठभर दाण्यांत मिळू लागला. जर्मनीतलं बाम्बर्ग तेवढं हटून बसलं. तिथली श्लेंकेर्ला ही जुनी ब्रुअरी आजही बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट धरते. तिच्या बिअरबद्दल गावकरी सांगतात, की पहिल्या ग्लासाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्याला आवडायला लागते. पुढे १९८८ साली अलास्कातल्या जुनोच्या एका ब्रुअरीने समोरच्या मासे धुरवणाऱ्यांकडे आपलं माल्ट धाडून धुरकट पोर्टर केली. मग त्या धुरातून सुटलेली आमच्यासारखी मंडळी पुन्हा त्याच्या मागे लागली.

माझा पहिला प्रयत्न मात्र बाम्बर्गला तोंड दाखवण्यासारखा नव्हता. गेल्या वर्षी काटकसर म्हणून अंगणात पडलेल्या सूचिपर्णी झाडाच्या काटक्या जाळल्या. राळेच्या लाकडाचा धूर माल्टला चालत नाही, हे मी बिअर झाल्यावर वाचलं. अठरा बाटल्या दवाखान्याच्या फरशीसारख्या लागत होत्या. धुराचा चांगला वास ज्या ग्वायकॉलमुळे येतो ते आणि फिनेलमधलं फिनॉल एकाच गोत्रातले, ही माहितीही मागाहूनच मिळाली. बायकोने त्या बाटल्यांना अजून माफ केलेलं नाही.

या वेळी धुरी दिलेलं माल्ट आठवडाभर कागदी पिशवीत मुरू दिलं. मग साधं माल्ट, थोडं चॉकलेट माल्ट आणि चिमूटभर काळं माल्ट मिसळून ६७ अंशाच्या पाण्यात तासभर ठेवलं. ते गोड पाणी याकिमा खोऱ्यातल्या हॉप्सबरोबर उकळलं, गार केलं आणि यीस्ट घातलं. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या काळोखात पिंपाच्या तोंडावरचा एअरलॉक बुडबुडू लागला. आई रात्री पाणी प्यायला उठायची, तेव्हा थांबून ऐकायची. "बाळंतीण आहे का रे ती? सारखं काय बघायला जातोस?" असं मला विचारायची ती, आणि सकाळी "आज बुडबुड कमी झालीय" ही बातमीही तिचीच.

दोन आठवडे पिंपात, तीन बाटलीत. मग एका पावसाळी संध्याकाळी (इथे दुसरी क्वचितच असते) मी पहिली बाटली उघडली. काळीभोर, वर बदामी फेस. आई पिणार नव्हती, पण ग्लास तिने हातात घेतला. पहिल्यांदा वास घेऊन तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा घेतला, म्हणाली, "जळकं नाही." तिसऱ्यांदा मात्र डोळे मिटून बराच वेळ घेतला.

"बंबाचा वास आहे," ती म्हणाली. "दिवाळीच्या पहाटेचा. तुझे आजोबा पेटवायचे."

मी काही बोललो नाही. तिने ग्लास माझ्याकडे सरकवला आणि पदराला हात पुसले.

"पुन्हा कधी पेटवणार आहेस? पुठ्ठ्याने वारा घालतात होय? धूर दमाने यायला हवा. माळ्यावर माझी पितळेची फुंकणी आहे. मामाला सांगते, येणाऱ्याबरोबर पाठवून देईल."