पासाची आणेवारी

मुंबईच्या लोकलच्या पासाला आपले लोक अद्याप मोठ्या श्रद्धेने 'सीझन तिकीट' म्हणतात. आणि ते तसे म्हणत असताना बाहेर आषाढ कोसळत असतो, फलाटावरील ध्वनिक्षेपक प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करीत असतो, आणि जिच्या नावातच ऋतू आहे ती वस्तू कोणत्याही ऋतूची दखल न घेता, खिशातल्या प्लास्टिकच्या वेष्टनात कोरडी ठणठणीत पडून असते.

अशाच एका दिवशी न येणाऱ्या गाडीची प्रतीक्षा करीत अडीच तास तिष्ठण्याचा योग आला असता मी या पासाचा हिशेब मांडला. त्रैमासिक पासाला मासिक दराच्या २.७ पट, सहामाहीला ५.४ पट आणि वार्षिकाला १०.८ पट पैसे पडतात. म्हणजे तिमाहीवाल्यास नऊ, सहामाहीवाल्यास अठरा आणि वर्षवाल्यास छत्तीस दिवस फुकट. हे छत्तीस दिवस कोणते, याचा उलगडा मला तेथेच झाला: ज्या दिवशी गाड्या धावत नाहीत, ते! हा आकडा बसविणाऱ्या अज्ञात पूर्वसूरीच्या पर्जन्यज्ञानापुढे नतमस्तक होणार तोच ध्यानात आले की, डिसेंबरात तिमाही पास काढणाऱ्यासही दिवस नऊच आणि जूनमध्ये काढणाऱ्यासही नऊच. एकाचे निरुपयोगी पडून राहतात, दुसऱ्याचे श्रावण लागण्यापूर्वीच वाहून जातात.

शेतसाऱ्याच्या बाबतीत परकीय सरकारलादेखील याहून अधिक पोच होती. पीक बुडाले की आणेवारी काढावी, आणि ती फार खाली उतरली तर सारा तहकूब करावा अथवा सूट द्यावी, असा रिवाज होता. सबब माझी नम्र दरखास्त अशी की, जून ते सप्टेंबर प्रत्येक फलाटावर एकेक तलाठी नेमावा आणि त्याने छत्री व मोजपट्टी घेऊन, दोन पंचांसमक्ष, पासाची आणेवारी काढावी. गाडी अर्धा तास उशिरा, तर बारा आणे. रुळांवर पाणी, तर चार आणे. दोन स्थानकांच्या मध्ये उतरून चालावे लागले, तर निरंक. २००५ सालच्या २६ जुलैस सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्या दिवसाची आणेवारी शून्याखालीच धरावी लागेल, कारण रीतसर पास बाळगणारी सभ्य माणसे त्या दिवशी रुळांवरून चालत घरी गेली, आणि रुळांवरून चालणे हा तर एरव्ही गुन्हा आहे! उलटपक्षी मे महिन्यात चाकरमानी आंबे खावयास कोकणात गेला म्हणजे मागे राहिलेल्यास चक्क खिडकी लाभते, त्या वेळी पासाची किंमत अठरा आणे होते. परंतु हे मी मोठ्याने बोलत नाही, कारण सूट देण्यास वर्षे घेणारे दफ्तर वाढीव आकार बसविण्यास रात्रही घेत नाही.

आणि छत्तीस दिवसांची ही मेहेरबानी तरी कोणावर? वर्षाचे पैसे एकरकमी मोजण्याची ज्याची ऐपत, त्याच्यावर. पगार हाती पडेल तेव्हा महिन्याचा पास काढणारा शिपाई, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, दुकानातला पोऱ्या यांच्या वाट्याला सूट शून्य दिवस. गाडी बुडाली की त्यांचा रोज बुडतो, आणि पासातला तो दिवसही कोणी परत करीत नाही. पास मुळातच स्वस्त आहे, असे कोणी शहाणा सांगेल. असेल! पण स्वस्ताई म्हणजे माणसाला गुडघाभर पाण्यात उभे करण्याची सनद नव्हे.

पासाची मुदत संपली तेव्हा मी खिडकीशी गेलो.

"कुठल्या तारखेपासून?"

"पाऊस उघडल्यापासून," मी म्हणालो.

कारकुनाने मान वर न करता दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, आणि समुद्राला उधाण.