हुसेनसागर एक्सप्रेसने समुद्राकडे : काही शास्त्रशुद्ध सूचना

हैदराबादेत सागरांचा तुटवडा नाही. 1562 च्या सुमारास बांधलेला हुसेनसागर आहे. 1908 साली मुसी नदीला महापूर येऊन शहराची दाणादाण उडाली, त्यानंतर बांधलेले उस्मानसागर आणि हिमायतसागर आहेत. दिवसभराची सवड असली तर नागार्जुनसागरही आहे. यांपैकी एकातही मिठाचा कण नाही की भरती-ओहोटी नाही. त्यामुळे काचीगुडा किंवा बडी चावडी भागातल्या मराठी माणसाच्या लेखी सागर म्हणजे ज्याचा पलीकडचा काठ दिसतो आणि ज्यावर लुंबिनी पार्कहून निघालेली लाँच चहाच्या वेळेला परत आणून सोडते, तो. असा माणूस क्रूझला निघतो तेव्हा त्याला मार्गदर्शन लागते. प्रस्तुत मार्गदर्शनाचा सिद्धान्त एकच आहे : हैदराबादी मराठी माणूस म्हणजे एका कातड्यात राहणारी दोन माणसे. एकाला इराण्याच्या हॉटेलात एका चहावर दोन तास बसता येते, दुसऱ्याला प्लॅटफॉर्मवर गाडीच्या आधी दोन तास पोचल्याशिवाय चैन पडत नाही. जहाजावर पहिल्याला पुढे करावे आणि बंदरात दुसऱ्याला. शंभरातले नव्वद प्रवासी याच्या नेमके उलट करतात.

पूर्वतयारीबद्दल थोडक्यात. नामपल्लीहून मुंबईला जाणाऱ्या एका गाडीचे नाव हुसेनसागर एक्सप्रेस आहे. तळ्याच्या नावाच्या गाडीत बसून समुद्राकडे जाण्यातली गंमत ज्याला कळत नाही त्याने क्रूझचे पैसे वाचवावेत. गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते आणि तिथून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे जहाजावर दुपारी चढायचे असताना सकाळीच गोदीच्या दारात सुटकेसांवर बसून राहणे अनावश्यक आहे. (तरी बसतील.) मोठी बॅग धक्क्यावर ताब्यात घेतली जाते आणि केबिनपाशी संध्याकाळपर्यंत केव्हाही उगवते, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा, ओळखपत्र आणि एक सदरा हातातल्या पिशवीत ठेवावा. त्या पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी असू नये, कारण जहाजावर घरचे अन्न चालत नाही. ते मुंबईपर्यंत गाडीतच संपवावे. केबिन निवडताना उंच मजल्याचा मोह धरू नये. जहाज मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी हलते, आणि सुदैवाने तिथले भाडेही बहुधा कमी असते. मराठी आणि हैदराबादी या दोघांचे एकमत व्हावे अशी ही जवळजवळ एकच जागा आहे.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर सिद्धान्ताला एक अपवाद करावा लागतो आणि इथे विनोद बाजूला ठेवतो. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की सांगितलेल्या जागी जाऊन उभे राहायचे असते. लाइफजॅकेटची ही कवायत म्हणजे नुसता वेळकाढूपणा असे समजून केबिनमध्ये लोळत राहणारे असतात. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज कलंडले आणि 32 माणसे गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती, कारण तेव्हाच्या नियमात ती चोवीस तासांत उरकली तरी चालत असे. पुढे नियम बदलला आणि कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. तेव्हा निमूट जावे.

आता मुख्य मुद्दा. कवायत संपते, जहाज धक्का सोडते आणि आपला मराठी माणूस कामाला लागतो. बुफे किती वाजता उघडतो, किती वाजता बंद होतो, तिकिटात काय धरले आहे, काय धरलेले नाही, तंबोला, जादूचे प्रयोग, पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा : सगळ्यांचे वेळापत्रक तो पेनाने अधोरेखित करतो आणि पहिल्या दिवसाला नऊ कार्यक्रमांत बसवतो. याला तो पैसे वसूल करणे म्हणतो. आमचे म्हणणे असे, की जहाजावर ही वसुली मुळातच शक्य नाही आणि याचा पुरावा जहाजाच्या चालीतच आहे. 2021 च्या सप्टेंबरपासून मुंबईहून प्रवास करणारे कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 सालचे, सुमारे 211 मीटर लांब. मुंबई ते गोव्याचे मुरगाव बंदर समुद्रमार्गे साधारण 230 सागरी मैल. ताशी अठरा सागरी मैलांच्या वेगाने हे अंतर तेरा तासांत कापता येते, आणि विमान तर सव्वा तासात पोचवते. ज्याला गोव्याला पोचायचे आहे त्याने जहाजात बसण्याचे काहीच कारण नाही. जहाज विकते ती पोचण्यातली दिरंगाई. दिरंगाई विकत घेऊन तिच्यात नऊ कार्यक्रम कोंबणे म्हणजे थंड हवेसाठी महाबळेश्वरला जाऊन हीटर लावणे होय. यावर आक्षेप येतो, की मग काय नुसते बसून राहायचे? होय. कठड्याला रेलून, कपात चहा घेऊन, पाण्याकडे बघत. हैदराबादेत ‘बस, दो मिनिट में आया’ म्हणणारा माणूस दीड तासाने येतो तेव्हा त्याची वाट पाहण्याची जी तालीम आपल्याला फुकट मिळालेली असते, तिचा उपयोग करण्याची भारतातली सर्वोत्तम जागा म्हणजे जहाजाचा डेक. मोबाइलचा टॉवर थोड्या वेळाने जातोच. त्याआधीच तो विमान-मोडवर टाकावा, नाहीतर समुद्रातले रोमिंग बुफेपेक्षा महाग पडते.

बोट लागणे या विषयावर मराठीला वेगळे शिकवायला नको, कारण त्रासाला वाहनाचे नाव देण्याची सोय आपल्या भाषेत आहे : गाडी लागते, बोट लागते. भाऊच्या धक्क्यावरून ‘रोहिणी’, ‘कोकणसेवक’ या बोटी सुटत तेव्हा कोकणातल्या पिढ्यांना त्या लागल्या आणि तरी पुढच्या मे महिन्यात त्या पिढ्या पुन्हा बोटीत बसल्या. डोळ्यांना भिंत स्थिर दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हेलकावा कळतो आणि या दोन साक्षीदारांच्या भांडणाची शिक्षा पोटाला होते. म्हणून केबिनमध्ये कण्हत पडण्यापेक्षा वर येऊन क्षितिज पाहावे, पोट रिकामे ठेवू नये आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी मळमळण्यापूर्वी घ्यावी. नंतर घेतलेली गोळी समुद्राला अर्पण होते.

बंदर आले. इथे सिद्धान्ताचे दुसरे कलम लागू होते. हैदराबादला समुद्र नाही हे खरे, पण हव्यास जुना आहे. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे मछलीपट्टण नावाजलेले बंदर होते. अठराव्या शतकात तो किनारा इंग्रजांच्या हाती गेला आणि 1766 च्या तहाने निजाम अलीने ‘उत्तर सरकार’ म्हणवणाऱ्या त्या किनारपट्टीवर पाणी सोडले. 1947-48 च्या सुमारास शेवटच्या निजामाच्या बाजूने पोर्तुगिजांकडे मुरगावची चाचपणी झाली. 1948 च्या सप्टेंबरमधल्या पोलीस कारवाईने तो विषयच संपला. म्हणजे निजामाला जे मुरगाव मिळाले नाही ते तुम्हाला पॅकेजमध्ये काही तासांसाठी मिळते. ते ‘आरामात बघू’ म्हणून घालवू नये. जहाजावर ताणून देणारा हैदराबादी नेमका इथे जागा होतो, मासळीच्या थाळीवर गप्पा मारत बसतो, आणि जहाजाने दिलेली परतीची वेळ ही चर्चेची सुरुवात आहे असे समजतो. ती शेवट असते. पणजी मुरगावहून तीसेक किलोमीटर, जुने गोवेही जवळपास तितकेच. दोन्ही ठिकाणे, समुद्रकिनारा आणि काजूखरेदी हे सगळे एका दिवसात बसवण्याचा मोह आवरावा. एकच ठिकाण निवडावे. टॅक्सीचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. जहाजाने स्वतः आखलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. लक्षद्वीपमधल्या अगत्तीसारख्या बेटावर तर मोठ्या जहाजाला धक्काच नाही. जहाज बाहेर नांगर टाकते आणि लहान होडीतून ने-आण होते, समुद्र खवळला तर तेही रद्द. पूर्वी मालवण-वेंगुर्ल्याला बोटीतून पडावात उतरणाऱ्यांना यात नवे काही वाटले नसते.

कोणी म्हणेल, की मराठी माणूस वेळेचा पक्का ही निव्वळ दंतकथा आहे. आपल्या लग्नांचे मुहूर्त कसे टळतात ते सर्वांना ठाऊक आहे. मान्य. पण मुहूर्त टळला तरी भटजी मंगलाष्टके लांबवतात. कॅप्टनला ती सोय नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : हैदराबादी निवांतपणा आणि मराठी हिशेबीपणा अशी वाटणी करणे दोघांवर अन्याय आहे, कारण 1956 पर्यंत मराठवाडा आणि हैदराबाद एकाच राज्यात नांदले आणि एकमेकांना पुरेसे बिघडवून बसले. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. दोन माणसे म्हटली खरी, पण शिवण कुठे आहे ते त्या माणसालाही सापडत नाही. परतीच्या हुसेनसागर एक्सप्रेसमध्ये, वाडी जंक्शन यायच्या आत, तो वही काढून क्रूझचा हिशेब मांडतो : इतकी जेवणे, इतके नाश्ते, दर जेवणी इतके रुपये. एका दुपारच्या जेवणासमोर आकडा नाही. त्या वेळी तो डेकवर खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसला होता आणि बुफे बंद झाला. तो थोडा विचार करतो, त्या रकान्यात ‘किरकोळ’ असे लिहितो आणि चहावाल्याला हाक मारतो.